रात्रीची ट्रक लाईन धरायची असेल तर आधी दिवसा झोपायला शिका

माझ्या भाच्याचं हेवीचं लायसन मागच्या महिन्यात हातात आलं आणि दुसऱ्याच दिवशी तो घरी हजर, मामा मला रात्रीची लाईन सांग, इंदूरजवळच्या पीथमपूरहून माल भरायचा आणि धुळे, नाशिक, पुढे न्हावाशेवा, गाडी कशी काढायची ते सगळं सांग. मी सतरा वर्षं हीच लाईन चालवतोय, इंदूरहून खाली मुंबईकडे आणि कधीकधी वर ग्वाल्हेर-आग्र्याकडे, तर म्हटलं त्याला एकट्याला सांगण्यापेक्षा लिहूनच टाकतो, आपल्या इंदुरातली बरीच मराठी पोरं आता या धंद्यात येतायत, त्यांनाही कामी येईल.

त्याचे सगळे प्रश्न गाडीचे होते. गिअर, घाट, डिझेल, टायर. झोपेबद्दल एक शब्द नाही. आणि मला विचाराल तर रात्रीच्या ड्युटीत गाडी चालवणं हे सोपं काम आहे, अवघड काम आहे दिवसा झोपणं, म्हणून आधी तेच लिहितो.

आमचे बाबा कापड मिलमध्ये होते, घर परदेशीपुऱ्यात, तिसरी पाळी करून सकाळी यायचे. आईने खिडकीला गोणपाट आणि त्यावर जुनी गोधडी असा जाडजूड पडदा शिवून घेतला होता, चार हुकांवर टांगायचा, खोलीत भर दुपारी रात्र. आम्ही पोरं दुपारी गल्लीत खेळलो की आई बाहेर येऊन फक्त बोट ओठावर ठेवायची, शेजारच्या काकूसुद्धा दुपारी मसाला कुटायच्या नाहीत, कारण त्यांच्याकडेही पाळीवालेच होते. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं की रात्रपाळीच्या माणसाची झोप म्हणजे त्याच्या कामाचाच भाग आहे. आता मिल नाही, तो मोहल्लाही तसा राहिला नाही, आणि ट्रकवाला सकाळी घरी आला की घरच्यांना वाटतं आला ना, आता बँकेत जाऊन ये, गॅसचं बघ, मुलाच्या शाळेत मिटींग आहे. बायको चुकीची नसते, तिलाही माणूस दोन-तीन दिवसांनी दिसतो. पण हे आधी बसून बोलून घ्या. मी माझ्या घरी सांगून ठेवलंय की सकाळी ९ ते २ मी घरात नाही असं समजा, कोणी मेलं तरच उठवा, आणि २ नंतर मी पूर्ण तुमचा.

तर दिवसाची झोप अशी लावा. चोवीस तासांत सात तास झाले पाहिजेत, एका दमात होत नसतील तर दोन तुकडे करा, सकाळी साडेपाच तास आणि संध्याकाळी गाडीवर जायच्या आधी दीड तास. तो संध्याकाळचा दीड तास लोक सोडून देतात आणि तोच पहाटे चारला उपयोगाला येतो. खोली काळोखी पाहिजे, फोन दुसऱ्या खोलीत, पंखा किंवा कूलर चालू ठेवा म्हणजे बाहेरचे आवाज दबतात. शेवटचा चहा पहाटे चारच्या आत, त्यानंतर घेतला तर सकाळी नुसती कूस बदलत बसाल. आणि सुट्टीच्या दिवशी एकदम सगळं उलटं करू नका, शरीराला कळतच नाही मग कोणती वेळ कशाची.

घोरत असाल आणि सात तास झोपूनही जड वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा, झोपेत श्वास अडकायचा आजार असतो, जाड मानेच्या आणि पोट सुटलेल्या माणसांत जास्त, आणि आपल्या लाईनीत दहा वर्षांत सगळ्यांचंच पोट सुटतं. शुगर, बीपी आणि डोळे वर्षातून एकदा. चाळिशीनंतर समोरच्या लाईटभोवती गोळे दिसायला लागले तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, लपवू नका. आणि ते पिवळ्या काचेचे नाईट ड्रायव्हिंगचे चष्मे ढाब्यावर विकतात ते घेऊ नका, रात्री आधीच उजेड कमी, त्यात आणखी कापायचा कशाला.

आता लायसनचं पटकन. हेवी काढायला आधी साध्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं, वय २० पूर्ण, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट आणि डॉक्टरचा फॉर्म १-ए. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षं चालतं, आणि गॅस, केमिकल, पेट्रोल असलं भरायचं असेल तर वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर वेगळी नोंद लागते. इंदूरजवळ मांगल्याच्या पेट्रोल डेपोतून टँकर भरायची इच्छा असेल तर ते आत्ताच करून ठेवा. पण लायसन हातात आलं म्हणजे लगेच उजव्या सीटवर बसायचं असं नाही, मी भाच्याला सांगितलं की सहा महिने, जमलं तर वर्षभर, खलाशी म्हणजे क्लीनर म्हणून डाव्या सीटवर बस. उस्ताद, म्हणजे मुख्य ड्रायव्हर, कुठे गिअर पाडतो, कुठे गाडी सोडतो, कुठे थांबतो हे डाव्या सीटवरूनच दिसतं. त्याला ते आवडलं नाही, पण बसणार आहे.

मालकाशी बोलताना हे आधी ठरवा, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी काही कामाचं नाही: ट्रिपचा भत्ता किती, डिझेल ॲव्हरेज किती धरणार, टायर फुटला तर कोणाच्या डोक्यावर, चलान ओव्हरलोडचं आलं तर कोण भरणार, आणि माल खाली व्हायला दोन दिवस लागले तर हॉल्टचे पैसे मिळणार का. मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, तो जिथे पाच किंवा जास्त कामगार तिथे लागायचा, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. लाईनवर हे कितपत चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ते पाच तास आणि अर्धा तास स्वतःसाठी तरी पाळा. मी तर चारच तास धरतो, रात्री.

ओव्हरलोडवर एक शब्द जास्त लिहितो कारण नवीन पोरं इथेच फसतात. २०१८ नंतर सहा चाकीचं एकूण वजन साडेअठरा टन आणि दहा चाकीचं साडेअठ्ठावीस टन, गाडी आणि माल मिळून. वर गेलं की वीस हजार दंड आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार वेगळे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यायचा. धर्मकाट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी चढवल्याशिवाय बिल्टी (मालाची पावती) घेऊ नका, माल भरणारा म्हणतो तेच वजन असेल असं नाही, आणि घाटात ब्रेक तुम्हाला लावायचाय, त्याला नाही.

कागद: आरसी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन, सगळं डिजीलॉकरमध्ये ठेवा पण एक सेट झेरॉक्स डॅशबोर्डमध्ये, घाटात नेटवर्क नसतं. माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाईन कागद, आणि त्याची वेळ रात्रीच्या ड्रायव्हरने नीट समजून घ्या. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे इंदूर ते मुंबई साधारण सहाशे, तीन दिवस. आणि तो दिवस रात्री बाराला बदलतो. गाडी बिघडून कुठे अडकली असेल आणि मुदत आज रात्री संपत असेल तर ट्रान्सपोर्टरला लगेच फोन करा, मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून मिळते, सकाळी बघू म्हणून झोपलात तर दंड मालावर बसतो आणि बोलणी तुम्हाला. रस्त्यात गाडी बदलली तर बिलात नवीन गाडीचा नंबर टाकायला लावा. मध्य प्रदेशचे आरटीओचे चेकपोस्ट २०२४ च्या जुलैपासून बंद झाले, महाराष्ट्राच्या सीमेजवळ सेंधव्याला पूर्वीसारखी लांब लाईन लागत नाही, पण म्हणून कागद घरी ठेवायचे नाहीत, फिरती तपासणी असते.

निघायच्या आधी गाडी उजेड असताना बघा. हे फार महत्त्वाचं आहे, रात्री आठला बॅटरी मारून बघितलेली गाडी आणि संध्याकाळी पाचला बघितलेली गाडी यात फरक असतो. हातोडी घेऊन सगळे टायर ठोका, हवा कमी असलेला टायर ठप्प वाजतो, भरलेला टणटण. जोडीच्या मागच्या टायरमधला आतला टायर कमी असेल तर डोळ्याला दिसत नाही, तो फक्त हातोडीलाच कळतो. दोन टायरच्या मध्ये दगड अडकला असेल तर काढा. चाकाचे नट बघा, गंज ओघळल्यासारखी लाल रेघ दिसली तर नट ढिला आहे. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांखालचा कॉक उघडून पाणी काढा, विशेषतः पावसाळ्यात. सगळे लाईट, इंडिकेटर, मागचे टेल लाईट, खलाशाला मागे उभं करून ब्रेक दाबून बघा. मग एक ओला फडका घेऊन रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पुसा, समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, या चिखलाने झाकल्या की तुमची गाडी रात्री कोणालाच दिसत नाही. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि दहातले आठ ड्रायव्हर करत नाहीत, मी तर ढाब्यावर थांबलो की शेजारच्याच्याही पुसून देतो. समोरची काच बाहेरून सगळेच धुतात, आतून पुसा, विडी-सिगरेटचा आणि धुळीचा थर आतून बसतो आणि समोरच्या गाडीचा लाईट त्यावर पसरतो. ताडपत्री आणि रस्सी स्वतः ओढून बघा. बीएस-६ गाडी असेल तर डीईएफची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची, टाकी भरलेली आहे का बघा, ती संपून रात्री घाटात इंजिनने ताकद कमी केली तर काही करता येत नाही.

जेवण घरून निघताना, साधारण सातला, पोटभर पण साधं, पोळी भाजी वरण भात. रात्री बाराला ढाब्यावर तडका दाल, तूप, सहा तंदुरी आणि वर लस्सी घेतली की दोनला डोळे मिटणारच, यात मनाच्या जोराचा काही संबंध नाही. रात्री मी जवळ परमल म्हणजे कुरमुरे, भाजलेले चणे, केळी ठेवतो, थोडं थोडं खातो. पाणी प्या, लघवीला थांबावं लागतं म्हणून पाणी टाळणारे ड्रायव्हर आहेत, पुढे मुतखडा होतो, आणि थांबणं तर चांगलंच आहे, उतरून गाडीला एक चक्कर मारली की टायरही बघून होतात.

आता रस्ता. पीथमपूर किंवा देवास नाक्याहून निघालात की शहराच्या नो एंट्रीची वेळ विचारून घ्या, बायपासनेच जा. नो एंट्री सुटायची वाट बघत लोक तास-दोन तास मोबाईल बघत बसतात. झोपा तेव्हा. तो वेळ फुकट मिळालेला आहे.

महू गेलं की मानपूरनंतर विंध्याचा उतार सुरू होतो आणि खाली निमाड. याच उतारावरच्या गणेश घाटात इतके अपघात झाले की शेवटी कमी उताराचा नवा रस्ता काढावा लागला. उतरताना नियम एकच आहे, ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गिअर घाटाच्या वरच पाडायचा, मध्ये नाही. मध्ये गेल्यावर पाडायला गेलात आणि गिअर बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी. जुने लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचे, ते आजही शिकवतात काही जण, ऐकू नका. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की डिझेल जाणंच बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि नुकसान असं की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, ड्रम फुगतो, पाय दाबला तरी पकड नाही, परत परत दाबलात तर हवा उतरते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू ठेवा, ब्रेक दाबून धरून ठेवू नका, एकदा नीट दाबून स्पीड खाली आणा, सोडा, परत वाढला की परत. हवेचा काटा बघत राहा. चाकातून जळका वास आला तर पुढे कसलाही विचार न करता सुरक्षित जागी थांबा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो, त्याला आपोआप थंड होऊ द्या, अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

खलघाटला नर्मदा. सगळे हात जोडतात, मीही जोडतो, पण नाणं टाकायला पुलावर गाडी हळू करू नका, मागून येणाऱ्याला कळत नाही. पुढे जुलवानिया, सेंधवा, तिथून बिजासनचा घाट उतरला की पळासनेर आणि महाराष्ट्र. बिजासन मातेला दर्शन घ्यायचं असेल तर गाडी पूर्ण बाजूला लावून. या पट्ट्यात रात्री काय समोर येईल ते डोक्यात ठेवा: कपाशीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे एकही लाईट नाही, ट्रॉलीवर कापूस इतका की रस्ताच दिसत नाही. पावसाळ्यात जनावरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात. श्रावणात कावडवाले, महेश्वर, ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन रात्रीच चालतात, भगवे कपडे अंधारात दिसत नाहीत. नवरात्रात बिजासनला पायी जाणारे. आणि ढाब्याच्या समोर उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल, ही बाराही महिने.

समोरून कोणी अप्पर लाईट मारत आला तर त्याच्या लाईटकडे बघू नका आणि रागाने आपलाही अप्पर टाकू नका, दोघंही आंधळे होता. डिपर द्या, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, स्पीड कमी. पुढच्या गाडीपासून अंतर असं मोजा, ती ज्या खांबापाशी गेली तिथून मनात म्हणा एक राजवाडा, दोन राजवाडा, तीन राजवाडा, चार, पाच, एक राजवाडा म्हणजे साधारण एक सेकंद. पाचच्या आधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात आठपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत गुना-शिवपुरी-ग्वाल्हेरकडे धुकं लागतं तेव्हा हे राजवाडे पण कामाचे नाहीत, तिथे लो बीम, फॉग लाईट, आणि समोरचं काहीच दिसत नसेल तर पंपात गाडी लावून सरळ झोपा. धुक्यात पुढच्याच्या टेल लाईटला धरून जाणं म्हणजे तो जिथे जाईल तिथे तुम्ही, तो खड्ड्यात गेला तरी.

आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. रात्री २ ते पहाटे ५-६. शरीराचं आतलं घड्याळ या वेळात सगळ्यात खाली असतं, तुम्ही सतरा वर्षांचे ड्रायव्हर असा किंवा पहिल्या ट्रिपवर, याला सवय लागत नाही, फक्त वाटतं की लागली. या वेळात डोळे उघडे असताना मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत पन्नास मीटर कोणीही चालवत नसलेली भरलेली गाडी.

माझ्या बाबतीत झालंय. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, दिवसभर मांडवात उभा, संध्याकाळी आहेर-पानसुपारी, मालकाचा फोन की गाडी उभी आहे, मालाची पार्टी ओरडतेय, निघ. निघालो. मला वाटत होतं मी एकदम ठीक आहे, गाणी चालू, काच खाली. ठीकरीच्या पुढे कुठेतरी गाडीचा आवाज बदलला म्हणून दचकलो, डाव्या बाजूची चाकं मुरमावर गेली होती आणि पुढे साठ-सत्तर पावलांवर एक पंक्चर झालेला ट्रक उभा, त्याच्याखाली दोन पोरं जॅक लावत होती. वाचले. मी गाडी पुढे नेऊन लावली आणि हात इतके थरथरत होते की हँडब्रेक लागेना. त्याहून भीती कशाची वाटली तर मागचे तीन-चार किलोमीटर मला आठवतच नव्हते, एक टोल गेला होता तोही नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की तीन ते पाच मी गाडी चालवत नाही, उभी असते. बाकी रात्र पूर्ण चालवतो. पार्टी ओरडते, दोन तास उशीर होतो, पण बारा वर्षांत एकाही मालकाने मला यासाठी काढलं नाही, आणि एकाने भांडण केलं तर मीच ती गाडी सोडली.

खुणा ओळखा: परत परत जांभई, पट्टीवर गाडी जाणं, गिअर उगाच चुकणं, पाटी वाचली पण काय वाचलं ते आठवत नाही, शेवटचे काही मिनिटं गायब. शेवटची खूण आली म्हणजे उशीर झालेला आहे. काच खाली करणं, तोंडावर पाणी, गाणी, खलाशाशी गप्पा, तंबाखू, याने पाच-दहा मिनिटं निघतात, झोप जात नाही. याचा उपयोग फक्त पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत पोचायला. तिथे थांबून आधी एक कडक चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटांचा अलार्म लावून आडवे व्हा. चहा चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच, तेवढ्यात डुलकी होते आणि उठता तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. वीसचे चाळीस करू नका, गाढ झोपेतून उठलात तर अर्धा तास डोकं जड. झोपायचंच असेल तर मग सरळ दीड-दोन तास, आणि उठल्यावर दहा मिनिटं चालून मगच स्टार्टर.

झोप उडवायची गोळी आणि डोडाचुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा. आपल्या माळव्यात, मंदसौर-नीमचच्या बाजूला अफूची शेती आहे, त्यामुळे आपल्या लाईनीत डोडा सहज पोचतो, कोणीतरी उस्ताद प्रेमाने चहात घालून देईल, बघ पोरा कसा तरतरीत राहतोस. घेऊ नका. पहिल्या महिन्यात झोप येत नाही, सहाव्या महिन्यात त्याच्याशिवाय उठता येत नाही, हातपाय दुखतात, पोट बांधून जातं. मी सोबतचे दोन चांगले ड्रायव्हर असे गेलेले बघितलेत, ॲक्सिडेंटने नाही, नुसते वाळत गेले. कायद्याने जेल आहे ते वेगळंच. आणि सर्दी-खोकल्याच्या औषधानेही झोप येते, केमिस्टला सांगा की मी रात्री गाडी चालवतो.

थांबायचं कुठे, हेही शिकायला लागतं. रस्त्यावर किंवा साईडपट्टीवर कधीच नाही, रात्री उभ्या ट्रकला मागून धडकून माणसं मरतात आणि उभा करणारा पण कोणीतरी दमलेला ड्रायव्हरच असतो. पंप, ट्रकचं पार्किंग, मोठा ढाबा, उजेड आणि कॅमेरा असलेली जागा. गाडीचा मागचा भाग भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून, म्हणजे ताडपत्री कापता येत नाही, डिझेलच्या टाकीला कुलूप. ढाबा एकच धरून ठेवा, ओळख झाली की मालक लक्ष ठेवतो आणि अलार्म झोपेत बंद केला तर उठवतोही. झोपताना काच दोन बोटं खाली. थंडीत केबिनमध्ये शेगडी किंवा कोळसा कधीच नाही, त्याचा विषारी गॅस दिसत नाही आणि माणूस झोपेतच जातो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, नवीन गाडी मिळाली तर नशीब, पण इंजिन चालू ठेवून बंद जागेत झोपू नका.

गाडी बंदच पडली रस्त्यात तर जमेल तितकी डावीकडे, चारी इंडिकेटर, आणि लाल चमकणारा त्रिकोण मागे चांगला पन्नास-साठ मीटर, वळणाच्या अलीकडे. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, फांदी रात्री दिसत नाही, आणि दगड ठेवला तर निघताना उचला, तो दगड पुढच्या मोटरसायकलवाल्याचा जीव घेतो. हायवेची मदत १०३३, पोलीस ११२, ॲम्ब्युलन्स १०८. किलोमीटरचा दगड बघून सांगा, नुसतं सेंधव्याच्या पुढे म्हटलं तर त्यांना सापडत नाही.

सकाळी गाडी लावल्यावर लगेच मोटरसायकलवर घरी निघू नका, रात्रभर ट्रक नीट चालवून सकाळी बायपासवर मोटरसायकलने पडलेले आहेत. अर्धा तास बसा, पोहे खा, जिलेबी एखादी, डोळ्यांवर काळा चष्मा लावा म्हणजे उन्हाने झोप उडत नाही, शक्य असेल तर कोणाच्या मागे बसून जा. घरी पोचल्यावर आंघोळ, फोन दुसऱ्या खोलीत, झोप.

भाचा येत्या सोमवारी डाव्या सीटवर बसून पहिली ट्रिप करतोय, पीथमपूर ते धुळे. त्याच्या पिशवीत मी हातोडी, दोन सेलची बॅटरी, फडके, त्रिकोण आणि परमलची थैली भरलीय. आईचा तो गोधडीचा पडदा माळ्यावर अजून होता, धुवून, केबिनच्या खिडकीच्या मापाने कापून दोन तुकडे केले आणि चारही हूक परत शिवले, दोन इकडे दोन तिकडे. वरची पट्टी दरवाजाच्या रबरात खोचायची, मग हूक लावायचे, नाहीतर उजेडाची फट राहते, ते त्याला काल गाडीत बसवून दाखवलंय.